तिसऱ्या देवीपर्यंत टेकायचं नाय

दसरा तोंडावर आला होता, शेतात झेंडू पिवळाधमक उभा होता आणि मी ओसरीत बाजेवर आडवा. पावसाळ्याच्या तोंडाला शहरात द्वारकेच्या चौकात टेम्पोतून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. टेम्पो चालता असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. तो उभा होता. मी आमच्या थोरल्या पोराला दाखवत होतो, टेम्पोतून जपून कसं उतरायचं.

मांडीत सळई बसली, मग काठीही सुटली. पण घरात ठरलं, की यंदा दसऱ्याच्या बाजाराला मी जायचं नाय. कधी ठरलं ते मला माहीत नाय. आमच्याकडं महत्त्वाचं सगळं मी अंघोळीला गेल्यावर ठरतं.

दसऱ्याला बाजारात उभं राहून घसा बसवला नाय असं एक साल गेलं नव्हतं. यंदा घरी बसलो, की पुढच्या साली मला कोणी विचारणारच नाय, हे मला कळत होतं. ओसरीच्या खांबाला जसं कोणी विचारत नाय, तसं.

बायकोला म्हणलं, "काय केलं की मानशील?"

"बाजारात दिवसभर उभं राहावं लागतं. तुम्ही घटकाभर उभं राहिलात की भिंत शोधता."

"तरी पण?"

तिनं विचार केला. "माझ्या माहेरचं तळं चालून दाखवा. न टेकता."

तिचं माहेर कळवणकडं. तळं म्हणजे धरणाचं पाणी. काठानं सपाट वाट हाय, शहरातली माणसं कानात गाणी घालून तिथं फिरायला येतात. वर तीन किल्ले उभे. एकाला मधोमध खाच, दुसरा परातीसारखा सपाट, तिसऱ्याला शेंडी. प्रत्येकावर देवी हाय. ज्याला चढवत नाय त्यानं खाली वाटेवरच्या शेंदराच्या दगडाला फूल वाहायचं, अशी तिथली रीत. बायकोची अट एकच: तिसऱ्या देवीपर्यंत टेकायचं नाय. मधी टेकलं तर पुन्हा पहिलीपासून.

पिशवीत घरचा झेंडू आणि एक नारळ घेऊन निघालो. बायको बाजूला. मागनं मेहुणा मोटारसायकलवर, चालण्याच्या वेगानं.

"दाजी, गाडी मागंच हाय. लाजू नका."

"तुझी गाडी बंद पडली तर ढकलायला मीच लागेन, बघ."

खाचेच्या किल्ल्याखाली पहिली देवी झाली, परातीखाली दुसरी. तिथनं पाय बोलायला लागला. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन मागनं आली आणि पुढं निघाली. जाताना म्हणाली, "जावई, सावकाश." याहून सावकाश म्हणजे उभंच राहायचं.

शेंडीचा किल्ला डोक्यावर आला आणि काठाला लालभडक दगड दिसला. वर पांढरी अक्षरं. शाळेत मी गेलो नाय, अक्षरं बाजारातल्या पाट्यांवरनं शिकलो, ती पण मराठी. ही इंग्रजी होती. मला वाटलं, देवीचं नाव असेल, हल्ली लिहितात. पिशवी उपडी करून सगळी फुलं वाहिली, नारळ फोडला, डोकं टेकलं आणि पाय पसरून मजेत बसलो.

मागं गाडी बंद झाली. मेहुणा हँडलवर डोकं ठेवून थरथरत होता.

बायको म्हणाली, "तो धरणवाल्यांचा दगड हाय. पाणी कुठवर चढतं त्याची खूण. देवी पुढच्या वळणावर."

"पावेल, दाजी, पावेल," मेहुणा म्हणाला. "यंदा धरण काठोकाठ."

"पुढं एक फूल वाहा, झालं," बायको म्हणाली. "चुकून बसलात. देवीला कळतं."

देवीला कळत असेल. पण दसऱ्याच्या दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, तळ्याला बसले होते ना. मी उठलो.

"पहिलीपासून."

"दाजी, पहिलीपर्यंत गाडीवर सोडतो. मागं जाणं काय चालण्यात धरत नाय."

"गाडीवर बसणं म्हणजे बसणंच."

मागं गेलो, पायानं. वाहिलेलं फूल परत उचलता येत नाय, दगड कोणाचाही असो. जन्म फुलात गेलेला मी, वाटेवरचा तेरडा तोडून पहिल्या देवीला वाहिला. देवीनं चालवून घेतलं.

दुसऱ्या फेरीत चेष्टा संपली. दुसऱ्या देवीनंतर मांडीत सळई तापल्यागत झाली. मग मी बाजारातली आरोळी सुरू केली, एका पावलाला एक. झेंडू घ्या, झेंडू. ताजा घ्या, झेंडू. कानात गाणी घातलेल्या एका बाईनं गाणी काढून ऐकलं आणि वाट सोडली. मेहुणा आता गाडी हातानं ढकलत चालत होता. गाडीवर बसा म्हणायचं त्यानं बंद केलं होतं. लाल दगड आला, गेला. मी त्याच्याकडं बघितलं पण नाय.

वळणावर छोटासा दगड, शेंदराचा, अक्षरं काय नाय.

"हीच ना?"

"हीच," बायको म्हणाली.

तेरडा वाहिला. ती म्हणाली, "बसा आता."

"आधी थोरल्याला फोन लाव."

तिनं माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं आणि फोन लावला. "अरे, दसऱ्याला हे येताहेत बाजारात. नाय, नाय. मी बघितलं ना."

मग मी बसलो. उठवायला दोघं लागली. ते तिनं थोरल्याला कधी सांगितलं नाय.