बदकाचा सिनेमा कोणी सुचवायचा

“तुम्ही हा नका ना सुचवू. हा मृणाल सुचवेल. तुम्ही तुमचं काहीतरी सांगा.”

वैशालीताई हसत म्हणाल्या. समता कॉलनीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, सगळ्या मंडळींसमोर. मी उभी होते. वाक्य अर्धंच झालं होतं. हातातली डीव्हीडी पर्समध्ये टाकली आणि खाली बसले. कोणाला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, नवीन ऑफिसं उघडली, तशी नागपूर-पुण्याकडची बरीच मराठी माणसं इथे आली. त्यांनी सिनेमाचं मंडळ काढलं. महिन्यातला एक रविवार. वैशालीताईंचे मिस्टर मोठे अधिकारी, म्हणून हॉल त्यांचा आणि पडदाही त्यांचाच. रीत अशी होती की दर वेळी एकानं सिनेमा सुचवायचा, त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे, आणि त्या दिवशीचा नाश्ता आपल्या घरून करून आणायचा. सिनेमा ज्याचा, नाश्ता त्याचा.

मी सरकारी ऑफिसात टायपिस्ट. बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचे मजूर होते, गोंदियाकडून आलेले. आम्ही विहारात जाणारी माणसं. आडनाव सांगितलं की समोरच्याला कळतं. मंडळात तशी मी एकटीच. ऑफिसातल्या एका बाईंबरोबर सहज गेले आणि चटक लागली.

काय काय पाहिलं तिथे! जपानचा एक होता, त्यात एक बाई मोडकी छत्री दुरुस्त करायला गावभर फिरते, बस, एवढंच. पण बघून घरी आले तरी ती बाई डोक्यातून जाईना. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचा एक होता, वरातीचा ट्रक चिखलात रुततो आणि लग्न तिथेच लागतं. खूप जुना, बिनआवाजाचाही पाहिला. रुळांपलीकडच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहून मी एवढं जग बघून राहिली होती, याचंच मला अप्रूप.

मग एकदा झोपडपट्टीवरचा एक परदेशी सिनेमा दाखवला. संपल्यावर वैशालीताई मला म्हणाल्या, “तुम्ही सांगा. तुम्ही हे जवळून पाहिलंय.” मी बाबांचं सांगितलं. भर उन्हात रुळांवर काम करून साहेबांच्या बंगल्यावर पाणी मागायला गेले, तर माळ्यानं वरून ओतलं आणि बाबा ओंजळीनं प्यायले. मी लहान होते, सोबत होते. हे ऐकून बायकांनी डोळे पुसले. एकीनं माझा हात धरला. मला वाटलं, मान मिळाला.

त्यानंतर पडद्यावर कुठल्याही देशाचा गरीब आला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. भूक दिसली की माझी पाळी. प्रेम, बर्फ, नाच, खून, भुतंखेतं, हे सगळं बाकीच्यांचं. त्यावर मला कोणी विचारायचं नाही.

आणि मृणालला सगळंच विचारायचे. मृणाल पुण्याची, नव्या राजधानीचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होती, तेलीबांध्याला राहायची. पाय वर घेऊन सोफ्यावर बसायची. युरोपातला प्रेमाचा सिनेमा असो की कोरियातला भुताचा, ती आरामात म्हणायची, “मला फार नाही आवडला.” कारण द्यावं लागायचं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला. मी जळायचे. तिच्या कपड्यांवर नाही, पगारावर नाही. तिला काहीही आवडू शकत होतं, यावर जळायचे. रविवारी घरी आले की भांडी आपटायचे. आई म्हणायची, “काय झालं वं पोट्टी? काहून तडकून राहिली?” काय सांगणार? आणि मृणाल स्वभावानं चांगली होती. वाईट असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

बदकाचा सिनेमा मला गोल बाजारात मिळाला. एका दुकानात भजनांच्या सीड्यांखाली पडला होता. फार जुना, कुठल्यातरी थंड देशाचा, मुका. एक म्हातारा पोस्टमन, एक विधवा बाई आणि तिचं बदक. पोस्टमन रोज पत्र घेऊन येतो, बदक रोज त्याला चावतं. त्याला बाईशी बोलायचं असतं, बदक बोलू देत नाही. आईला वाचता येत नाही, एरवी मला तिला सगळं सांगत बसावं लागतं. या सिनेमाला सांगावंच लागलं नाही. पोस्टमन बदकाला सलाम ठोकतो तिथे आई पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता खोकला लागला. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मी ठरवलं, आपली पाळी आली की हाच सुचवायचा.

पाळी आली, आणि वैशालीताई म्हणाल्या, हा मृणाल सुचवेल. वर हेही म्हणाल्या, “नाश्त्याचं टेन्शन तुम्ही कधीच घेऊ नका हं. तुमची नोकरी, धावपळ. तुमच्या वेळेला आपण बाहेरून समोसे मागवू.” मृणाललाही नोकरी होती. तिचे पोहे दर वेळी चिकट व्हायचे आणि सगळे पुन्हा मागून घ्यायचे.

मृणालनं फोन करून डीव्हीडी मागितली. मी दिली. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “सिनेमा तुया हाय तं वडे बी तुयेच गेले पाह्यजे.” रविवारी सकाळी उठून तिनं मुगाचे वडे तळले. मी गरम डबा घेऊन गेले. वैशालीताईंनी तो दारातच घेतला. “अरे वा, कशाला त्रास घेतला!” म्हणाल्या आणि आत नेला. तो बाहेर आला नाही. पाणी प्यायला आत गेले तर मोलकरणीच्या कपबशीशेजारी, मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेला दिसला. झाकणही उघडलेलं नव्हतं.

मृणाल छान बोलली. मी जे बोलणार होते त्याच्यापेक्षा चांगलं बोलली, हे खोटं कशाला सांगू? सिनेमाभर लोक हसले. मी एकटी दात आवळून बसले होते. ते माझं हसणं होतं, माझ्या आईचं होतं, आणि त्याचे आभार मृणालला मिळत होते.

मग वैशालीताई माझ्याकडे वळल्या. “आता ह्यांच्याकडून ऐकू या. तो पोस्टमन बिचारा गरीबच होता. तुमच्या बाबांचं ते सांगा ना, ओंजळीनं पाणी प्यायल्याचं. नवीन मंडळींनी ऐकलं नाहीये.”

“नाही सांगणार.”

“अहो, संकोच कसला? आपलीच माणसं आहेत.”

“संकोच नाही. माझ्या घरचं दुःख तुम्हाला चालते. माझ्या घरचे वडे काहून नाही चालत?”

वैशालीताईंचे मिस्टर साहेबी हिंदीत म्हणाले, “आप बात को कहाँ से कहाँ ले जा रही हैं।” वैशालीताईंचा चेहरा लाल. “आम्ही तुम्हाला इतकं आपलं मानतो,” त्या म्हणाल्या.

“मंग सिनेमा मले सुचवू द्यायचा होता. मी आणि माही माय पोट धरून हसलो होतो तो पाहून. दुःखबिःख काही नाही त्याच्यात. बदक हाय, ते चावते, म्हणून मले आवडला.”

मी आत जाऊन डबा उचलला. मृणाल फाटकापर्यंत मागे आली. “सॉरी ताई. मी नाही म्हणायला हवं होतं.”

“हो. हवं होतं,” मी म्हटलं. तिला बरं वाटेल असं काही माझ्याकडे नव्हतं, आणि असतं तरी दिलं नसतं.

हेवा वाईट, असं लहानपणापासून ऐकत आले. पण सांगणारे कोण होते ते आता बघते. ज्यांचं ताट भरलेलं तेच दुसऱ्याला सांगतात, बघू नको. मी बघणार. माझा हेवा गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही. त्यानंच मला दाखवलं की माझं काय काढून घेतलंय. बाबांचं पाणी मी त्यांना भोळेपणानं देऊन बसले. ते त्यांच्या करमणुकीला नव्हतं.

पुढच्या महिन्यात निघाले तर आई म्हणाली, “काहून जाऊन राहिली मंग तिथं? अपमान करून घ्याले?”

“तिथं माही बी खुर्ची हाय,” मी म्हटलं.

गेले. सोफ्यावर बसले, पाय वर घेऊन. पुढच्या सिनेमाचा विषय निघाला तेव्हा हात वर केला नाही, परवानगी मागितली नाही. जपानचा सुचवला, छत्रीवाल्या बाईचा, पुन्हा बघू या म्हणून. नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात वरातीच्या ट्रकचा सुचवला. पुन्हा नाही. मी दर महिन्याला सुचवते. प्रेमाचा, भुताचा, नाचाचा, कुठल्याही देशाचा, कुठल्याही काळाचा. कारण देत नाही. आवडला, एवढंच सांगते. बापाचं दुःख त्यांना माझ्या तोंडून आता कधीच मिळणार नाही. माझी आवड मिळेल. ती घेणार नसतील तर माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघून, दर वेळी नाही म्हणायला लागेल त्यांना. मी जागा सोडणार नाही.