बोटांनी बघायच्या बरण्या

१९७२ साल. मी तेव्हा एकतीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटलेली, पण नगरात माझ्या रंध्याला नाव होतं. शेजारच्या मावशी मात्र मलाच शिकवायच्या, "मिस्त्री, डोळं झाका अन् बोटानं बघा."

बघायच्या त्या चिनी बरण्या. गुडघ्याएवढी जुनी जोडी. मावशींनी मिशनच्या बंगल्यात गोऱ्या डॉक्टरणीकडं आयाचं काम केलेलं. बाई मायदेशी जाताना जोडी त्यांच्या हवाली करून गेल्या. पांढऱ्या अंगावर गुलाबी, पिवळी फुलं, मिन्याची. रंग असा उठून आलेला की पाकळी न् पाकळी अंगठ्याला लागायची. मावशी त्यांना शेवंती म्हणायच्या. फूल खरं कुठलं, मला आजही माहीत नाही, आणि कुणाला विचारायलाही मी गेलो नाही.

मोतीबिंदूनं मावशींचे डोळे गेले. तरी रोज सकाळी खिडकीतल्या बरण्या जराशा फिरवायच्या. "एकाच अंगाला ऊन मिळतंय. मागच्या फुलांनी काय पाप केलंय?"

तुम्हीही हसला असता. मी म्हणायचो, "मावशी, भट्टीत भाजलेली फुलं ती. त्यांना ऊन कशाला?"

"तुमी लाकडाचं बघा."

पुढं त्या दवाखान्यात पडल्या. तेवढ्यात त्यांच्या भाच्यानं जोडी टांग्यात घातली. मी आडवा गेलो, तर म्हणाला, "घरचा मामला हाय, मिस्त्री. बाजूला व्हा."

मावशी घरी आल्या. हात थेट खिडकीकडं गेला.

"मांजरानं पाडल्या," भाचा म्हणाला.

"दोनी?"

"व्हय."

"मग खापऱ्या आन."

संध्याकाळी त्यानं फडक्यात बांधून तुकडे आणले. लोणच्याच्या बरणीचे. मला दिसत होतं, मी बोलणारच होतो. मावशींनी एकेक तुकडा उचलला, अंगठा फिरवला, खाली ठेवला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गुळगुळीत हाय रं समदं."

त्यानंतर त्याच्याशी बोलल्या नाहीत. रिकाम्या खिडकीत मात्र रोज सकाळी हात फिरायचा.

नाताळाआधी मावशी गेल्या. माती देऊन झाल्यावर भाचा माझ्याकडं आला. थडग्यावर लावायला फळी हवी होती. मावशींचं नाव, आणि खाली 'प्रेमळ भाचा' म्हणून त्याचं. दोन्ही नावं त्यानंच कोळशानं फळीवर लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींचं नाव कोरलं. वर एक शेवंती उठवली. खालच्या अक्षरांवर रंधा मारला, पॉलिशपेपर घासला, आणि डोळे झाकून अंगठा फिरवला. काही लागलं नाही.