मावशी आणि खाकीतला तोतया

“तुले काय करनं?”

कुणी काहीही विचारलं की मावशींचं पहिलं उत्तर हे. मुलगी कुठे असते, भाजी कोणती केली, पाय दुखतोय का, सगळ्याला एकच. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. कोसाडच्या वसाहतीत त्या आमच्या समोरच्या खोलीत एकट्या राहायच्या. मूळच्या खानदेशातल्या, बोलणं अहिराणी. आम्ही दोघी मिळून साड्यांवर टिकल्या चिकटवायचो. मला त्या तुसड्या वाटायच्या, कारण मी पडले उलटी. लेकीचा गणवेशातला फोटो, तिचा वाढदिवस, गावाला निघालो तरी गाडीतूनच पोस्ट.

एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे झेंडा. माझ्या आधार कार्डावर गेलेल्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले, म्हणे. माझं नाव, गाव, लेकीची शाळा, इयत्तासुद्धा त्याने घडाघडा सांगितली.

“दरवाजा बंद करो. किसी को बताया तो बेटी को स्कूल से उठा लेंगे.”

मी कडी लावली. आता ओटीपी येईल, तो वाचून दाखवा, म्हणाला. तेवढ्यात दारावर थाप! मावशी साड्यांचा गठ्ठा घ्यायला आल्या होत्या.

“मत खोलो!” तो ओरडला.

मी दार उघडलं नाही. मावशी खिडकीशी आल्या, पडदा सारून माझा चेहरा पाहिला आणि गजांतून हात घालून फोन हिसकावूनच घेतला.

“कोन शे रे तू?”

“पुलिस! तेरा नाम बता!”

“तू पोलीस शे ना? मंग तूच शोध. कोनतं ठाणं, सांग. मी आत्तेच हिले लई येस.”

मला घेऊन ठाण्यात येते म्हटल्यावर तो कसला थांबतो! फट्कन कॉल बंद!

मी हसत होते की रडत होते, कळेना. तशाच चपला अडकवून आम्ही दोघी शाळेकडे धावत सुटलो. लेक मैदानात खो-खो खेळत होती. माझ्याआधी मावशी मटकन खाली बसल्या.

तक्रार दिली. तो माणूस काही सापडला नाही.

“त्याले तुनं समदं कोनी सांगं?” मावशींनी विचारलं. मी माझ्याच पोस्ट उघडून दाखवल्या. मग दोघींनी बसून एकेक फोटो काढून टाकला.

त्यानंतर मावशींना चेवच आला. फोनवर पदर धरून, आवाज बदलून त्या बिल्डिंगमधल्या बायकांना फोन करत. “मैं बँक से बोलती!” जन्मतारीख सांगितली रे सांगितली, की दोन मिनिटांत दारात हजर, आणि मग जी खरडपट्टी! आमचे हे तर आधारचा अख्खा नंबर वाचून मोकळे झाले. आठवडाभर मावशींनी त्यांना तोंड वर करू दिलं नाही.

एकदा टिकल्या लावता लावता, मी न विचारताच, त्या बोलल्या. नात्यातल्या एका लग्नातला फोटो कुणीतरी उचलून त्यांच्या मुलीच्या नावाचं खोटं खातं उघडलं होतं. नको नको ते लिहिलं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. “तव्हय माले काहीच समजनं नही,” एवढंच म्हणाल्या आणि पुढची टिकली उचलली.

त्या मुलीचा संसार पुढे छान झाला. मावशी आता तिच्याकडेच राहायला गेल्या. निघताना टेम्पोपाशी मी भीतभीत मोबाईल काढला. नको म्हणतील, वाटलं. पण त्यांनी केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि चक्क दात दाखवून हसल्या.

तो फोटो माझ्याकडे आहे. तुम्हाला मात्र दाखवणार नाही.