भावानं बसवलेले ब्रेक-पॅड

डोंगरकडा गावची दीक्षा आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. लसीचा डबा मोटारसायकलला बांधून वाड्या-वस्त्यांवर जाते. गाडी तिला थोरल्या भावानं, भीमराजनं शिकवली. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज. एखादा नट ढिला झाला तरी ती दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू द्यायची नाही.

उन्हाळ्यात पुढच्या चाकातून खरखर यायला लागली. ब्रेक-पॅड झिजले होते. दीक्षानं नांदेडहून नवे पॅड आणून भीमराजच्या हातात दिले. संध्याकाळी त्यानं गाडी परत केली. "आता बिनधास्त चालव."

पुढच्याच पंधरवड्यात औंढ्याहून येताना उतारावर शेळ्या आडव्या आल्या. तिनं ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही. मागं बसलेली माय, लक्ष्मीबाई, रस्त्यावर फेकली गेली. मनगट मोडलं.

दवाखान्यात भीमराज धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कितीदा सांगितलं हळू चालव म्हणून! ऐकते का?" मग शेजारपाजारचेही तेच बोलायला लागले. खरंच जोरात होते का मी? दीक्षाला स्वतःचाच भरवसा वाटेना. मायची वेणीफणी करून देताना ती माफी मागायची. माय नुसती फणी पुढं करायची.

गाडी अंगणात पडून होती. "हात लावू नको, मी येऊन बघतो," असं भीमराज म्हणाला होता, पण आला नाही. शेवटी तिनंच पुन्हा नवे पॅड आणले, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि रविवारी सकाळी पाना घेऊन बसली. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सोडले, पिन ओढली. आतले पॅड हातात आले.

ते नवे नव्हतेच. थर पार झिजलेला, एका बाजूला लोखंड उघडं पडलेलं, आणि वरून पॉलिश पेपरनं घासल्याचे ओरखडे.

ती तशीच काळ्या हातांनी गॅरेजवर गेली. पॅड त्याच्यापुढं धरले. भीमराजनं आधी आजूबाजूला पाहिलं.

"एका गिऱ्हाइकाला घाई होती, दीक्षे. तुझे नवे पॅड त्याला टाकले. तुला नंतर टाकणारच होतो."

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"तू घरचीच. चालवून घेशील वाटलं."

"आन् माय पडली तवा? दवाखान्यात?"

"दुकान बसलं असतं माझं."

घरी येऊन तिनं मायला सगळं सांगितलं. लक्ष्मीबाईनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय. त्यानं दुसऱ्याच दिवशी पाय धरले माझे. लेकराबाळाचा माणूस हाय त्यो. तू नोकरीवाली, तुला बोलून कोण काय करणार?"

दीक्षा अंगणात गेली. पिस्टन मागं रेटला, पॅड बसवले, बोल्ट आवळले. पहिल्यांदा ब्रेकची लिव्हर पोकळ लागली. दाबत राहिली तशी घट्ट झाली. गल्लीत हळू चालवून ब्रेक मारला. गाडी जागेवर थांबली.

प्लास्टर काढायच्या दिवशी तिनं सकाळीच गाडी दारात लावली. "चल माय."

लक्ष्मीबाईनं पदर सावरला. "भीमराज येऊन राहिला न्यायला. त्याच्यासंगंच जाते मी. मला भ्या वाटतं बाई तुझ्या गाडीवर."

हे बोलताना तिनं दीक्षाकडं बघितलं नाही. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. दीक्षानं गाडी बाजूला घेऊन भावाला वाट करून दिली.