उसात उलटं बसलेलं अमेरिकेचं अस्वल

“गाडी बंद करू नका, शेठ! बंद करू नका! बोलत ऱ्हावा!”

शेतातल्या उंच माळ्यावरून म्हातारा ओरडत होता. ऊस राखणारा माणूस, अंगावर मांस म्हणून चिमूटभर, पण आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याने रजा टाकून घरी जावं. मी खाली, त्याच्या माळ्यापासून शेतभर लांब, शेतातल्या वाटेवर. माझ्या मोटारसायकलचं पुढचं चाक पाटाच्या चिखलात रुतलेलं. दिव्याचा उजेड समोर पडायचा सोडून चिखलातल्या बेडकांवर पडलेला. दोन्ही पाय गाऱ्यात, मूठ पिळलेली, आणि माझ्या पाठीला पाठ लावून, उलट्या तोंडाने, डोक्यात माकडटोपी घालून बसलेलं एक तपकिरी अस्वल. अस्वलाच्या पोटाभोवती नायलॉनची दोरी, तीच माझ्या कमरेला, तीच गाडीच्या कॅरियरला.

“काय बोलू?” मी ओरडलो.

“काईबी बोला! चूप बसू नका! ऊसमा शे तो!”

तो म्हणजे बिबट्या. आमच्याकडे संध्याकाळनंतर त्याचं नाव कुणी घेत नाही, ‘तो’ म्हटलं की कळतं. शहाद्याच्या आसपास तो आता पाहुणा राहिलेला नाही. उसात जन्मतो, उसातच वाढतो. त्याच्या पिल्लांना सातपुड्यात नेऊन सोडलं तर ती परतीचा रस्ता विचारत कारखान्यावर येतील. वनखात्याने बोकड बांधून पिंजरे लावले. आमचा सगळ्यांचा अनुभव असा की बोकड धष्टपुष्ट झाले, पिंजरे गंजले, आणि तो मात्र दिसायचा तिथेच दिसत राहिला.

त्याच्याबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे, ती म्हणजे तो मागून येतो. वाकलेल्या माणसावर मागून, गाडीवरच्या माणसावर मागून. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. सांजेला मोटारसायकलवर एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, आणि दुसऱ्याने उलटं बसायचं. मांडीवर स्टीलचं ताट, हातात पळी, तोंड मागच्या रस्त्याकडे. त्याला ‘मागे बघणारा’ म्हणतात. जावयाला जेवायला बोलावलं तरी सासू सांगते, “येताना मागे बघणारा घेऊन या, त्याचंही पान वाढलंय.” बायकोशी कडाक्याचं भांडण झालेली माणसंही एकमेकांना पाठ टेकून गाडीवर जातात. काही संसार या रितीनेच टिकले, असं मी शपथेवर सांगतो.

त्या संध्याकाळी मला मागे बघणारा मिळाला नाही.

माझं शहाद्यात भेटवस्तूंचं आणि खेळण्यांचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण आता आम्ही मारवाडी फक्त लग्नात बोलतो आणि तीही चुकीची. दुकान मी गोष्टींवर चालवतो. नुसती वस्तू पुढे केली तर गिऱ्हाईक भाव पाडतं. वस्तूबरोबर गोष्ट दिली तर ते भाव विसरून ऐकत बसतं. जीन्स घालून कुणी आला की मी त्याच्या खिशाच्या कोपऱ्यावरचं तांब्याचं बटण दाखवतो. “हे शोभेसाठी नाही बरं. अमेरिकेत एका लाकूडतोड्याची बायको शिंप्याकडे गेली. म्हणाली, नवऱ्याची पँट टिकतच नाही. शिंप्याकडे घोड्याच्या झुलीला ठोकायच्या तांब्याच्या चुका पडलेल्या. त्याच ठोकल्या.” फोडायला मजा येते तो फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चिकटवायचा शोभेचा कागद म्हणून निघाला होता, हे सांगितलं की पोरं तो विकतही घेतात. मोबाईलवर वाचतो मी हे सगळं. थोडं मीठ माझं.

आणि ते माणसाएवढं कापसाचं अस्वल. फेब्रुवारीतल्या प्रेमदिवसापासून दुकानाच्या दारात बसलेलं. शहाद्यातल्या कुठल्याच प्रेमात इतकी जागा नव्हती. शेवटी कारखान्यापलीकडच्या गावातल्या आप्पांनी ते लेकीच्या वाढदिवसाला घेतलं. ऊसवाले आप्पा, आमचे जुने गिऱ्हाईक. “आज संध्याकाळी पाहिजे शेठ, केक कापायच्या आत.” ऊन असताना निघायचं म्हणून मी निघालो. सोबत कुणी नव्हतं, तेव्हा अस्वलालाच उलटं बसवलं. माझी माकडटोपी चढवली, गळ्यात मफलर दिला, मांडीवर ताट बांधलं, आणि शेजारच्या दुकानदाराने आम्हा दोघांना एकाच दोरीने गाडीला आवळलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जाडा मेहुणा घेऊन चाललाय.

कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग अडकली होती. रांगेचं एक टोक कारखान्याच्या पुरुषोत्तमनगरात आणि दुसरं बहुतेक गुजरातेत. दिवस उतरायला लागला. मी शेतातली वाट धरली. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस, वर आभाळाची एक चिंधी. मी सारखा आरशात मागे बघत होतो. आरशात अस्वलाची टोपी आणि टोपीमागे काळोख. मागे बघता बघताच समोरचा पाट दिसला नाही.

उतरावं तर दोरीच्या गाठी पाठीमागे, अस्वलाच्या पोटावर. हात पोचेना. मूठ सोडली तर इंजिन विझणार.

“बोला, शेठ!”

मग मी उसाला गोष्ट सांगायला लागलो. दुसरं येतंय काय मला?

“अमेरिकेत एक राष्ट्राध्यक्ष होता!” घसा फाटेस्तोवर ओरडलो. “शिकारीला गेला! अस्वलाच्या!”

डावीकडे उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. वारा नव्हता.

“त्याचा वाटाड्या एक काळा शिकारी, गुलामीतून सुटलेला! त्याने साहेबाला एका जागी बसवलं! म्हणाला, इथेच थांबा, अस्वल इथेच येणार! साहेब थांबला, थांबला, भूक लागली, जेवायला गेला! आणि अस्वल आलं, बरोबर तिथेच!”

कमरेची दोरी ताणली गेली. हलकेच, पण कुणीतरी बोट घालून ओढावी तशी. माझ्या मानेवरचा केसन् केस उभा राहून निघून जायची परवानगी मागायला लागला. वळून बघायचं धाडस झालं नाही. आरसा चिखलाने भरलेला. मागे ताट एकदा वाजलं. टण्. अस्वलाच्या हाताला हाड नसतं, त्याने ताट वाजत नाही, हे मला विकताना कधी आठवलं नव्हतं, तेव्हा आठवलं.

“मंग? मंग काय व्हयनं?” माळ्यावरून म्हातारा.

“वाटाड्याने अस्वलाला बंदुकीच्या दस्त्याने हाणलं! दोरीने झाडाला बांधलं! पाहुण्यासाठी राखून ठेवलं! साहेब परत आला! सगळे म्हणाले, मारा! साहेब म्हणाला, बांधलेल्याला मी मारणार नाही! पेपरात त्याचं चित्र आलं! चित्रवाला पुढच्या प्रत्येक चित्रात अस्वल लहान करत गेला, गोंडस करत गेला! एका गोळ्याबिस्किटांच्या दुकानदाराच्या बायकोने ते बघून कापडाचं अस्वल शिवलं आणि दुकानाच्या काचेत ठेवलं! तेच हे अस्वल!”

दुकानात मी इथे थांबतो. गिऱ्हाईक हसतं, पाकीट काढतं. पण उसात थांबता येत नव्हतं. पाचट आता मागे वाजत होतं की बाजूला, समजेना. इंजिन खोकायला लागलं होतं.

“मंग त्या अस्वलनं काय व्हयनं?”

त्या अस्वलाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं. विकताना ते कुणी सांगत नाही. दुसरं एकही वाक्य उरलं नव्हतं, म्हणून तेच ओरडलो.

“मारलं! साहेब म्हणाला, मी नाही मारणार, तुम्ही त्याचे हाल संपवा! मग दुसऱ्यांनी सुरीने मारलं! झाडाला बांधलेलं असतानाच!”

आणि इंजिन बंद पडलं.

इतकी शांतता मी नंदुरबार जिल्ह्यात कधी ऐकलेली नाही. दिवा विझला. पाटातलं पाणी चाकाला लागून चुळचुळत होतं. कमरेला दोरी होती, पाठीला ते मऊ, गरम होत चाललेलं धूड होतं, आणि माझ्या डोक्यात ते झाड. कुत्री भोवती, माणसं भोवती, आणि मधे ते जनावर. ते कुणाकडे बघत असेल? मी डोळे मिटले. बायको, पोरं, दुकानाचं शटर, काय काय आठवलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की रडताना आवाज होऊ नये म्हणून मी खांद्यावर आलेला मफलर चावत होतो, आणि मफलर अस्वलाचा होता.

मग समोरून ट्रॅक्टर. आप्पांचा. म्हाताऱ्याने फोन केला होता. चारही दिवे लावलेले, वर माणसं, डबे बडवत, शिव्या देत. समोरचा ऊस एकदा खसखसला आणि निवला. आप्पांनी विळ्याने दोरी कापली. मला उतरवलं.

“शेठ, हे कोन बसाडं मांगे?” आप्पांनी अस्वलाच्या तोंडावर बॅटरी मारली आणि दोन पावलं मागे सरकले. “आयला! मेहुणा की काय?”

आप्पांच्या ओट्यावर चहा झाला. केक कधीच कापून झाला होता. वाढदिवसवाली पोर अस्वलाच्या फाटलेल्या दंडात बोट घालून कापूस ओढत बसली. दंडाची शिवण वीतभर उसवलेली होती. ती बघून माझ्या अंगात पुन्हा माणूस आला.

“पंजा!” मी म्हणालो. “हा त्याचा पंजा. बैलाएवढा होता! पाठीमागे, इथे, माझ्या मानेवर श्वास! आणखी एक फर्लांगभर मागे दुसरा उभा. हे अस्वल मधे नसतं तर आज तुम्ही माझ्या फोटोला हार घातला असता!”

“उसाचा बुडखा लागला असेल, भाऊजी,” आप्पांची बायको म्हणाली. “बाप रे, पण टोपी किती छान दिसते याला.”

“बुडखा? बाबांना विचारा!” माळ्यावरून उतरून सोबत आलेला म्हातारा ओट्याच्या कडेला उकिडवा बसून बशीत चहा ओतत होता. “बाबा, तुम्ही वरून बघितलंत. सांगा यांना, मागे किती जवळ आला होता तो?”

म्हाताऱ्याने बशी फुंकली.

“मांगे काईच नव्हतं, शेठ.”

“काय?”

“तो मव्हरे बठेल व्हता, डोया चमकत व्हतात. पाटना पलीकडे. तुमना चाकपुढे.” त्याने ओट्यावरून हात लांब करून अंतर दाखवलं. ते अंतर ओट्यावरच संपलं. “तुमनी गोष्ट सरे तवलग बठेल व्हता.”

पोरीने कापूस ओढणं थांबवलं. मी मागचं पाचट ऐकत होतो, मानेवरचा श्वास मोजत होतो, घसरत्या अस्वलाने ओढलेल्या दोरीचा ताण मोजत होतो, आणि समोर, चिखलातल्या त्या उजेडाच्या पलीकडे, पसरल्या दोन हातांच्या, वावभर अंतरावर, तो माझं तोंड बघत बसला होता. मी कप खाली ठेवला.

“मग बाबा,” मी विचारलं, “पुढे आहे, असं ओरडला का नाहीत?”

म्हाताऱ्याने उरलेला चहा पिऊन बशी उपडी घातली.

“सांगं असतं तर तुम्ही मांगे पळाले असते,” तो म्हणाला. “आन तुम्ही तर बांधेल व्हते.”