वाकोआत मांडलेली गादी

टेंभुर्णीच्या स्टँडवर जालन्याची यष्टी उभी होती आणि माझी माय ड्रायव्हरशी भांडत होती. पोरगं एवढ्या लांब चाललंय, तर गाडी जरा थांबवायला काय जातं, असं तिचं म्हणणं. ड्रायव्हर म्हणाला, "चाललंय तरी कुठं, मावशे?" मायला ते नाव काही केल्या जिभेवर येईना. तिनं समुद्र असेल त्या बाजूला म्हणून हात केला, तो नेमका जाफराबादकडे गेला. सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि मग खिडकीतून बाहेर बघायची हिंमत होईना.

बा खिडकीखाली उभा होता. माझं नाव विश्वनाथ, पण ते त्याला कधी पुरतं बोलता आलं नाही. "इस्वनाथा," तो म्हणाला, "कुनी न्हाई इचारलं तर आपून होऊन सांगत बसू नको. पन इचारलं तर खरंच सांग. आपून काय चोरी करून नाही ऱ्हायलो."

काय विचारलं तर, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. बानं दीक्षा घेतली तेव्हा मी पाटीवर गिरवत होतो. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि "शिक" हा एकच शब्द बा सकाळ-संध्याकाळ म्हणू लागला. म्हणून शिकलो. औरंगाबादला बी.ए. झालो. नोकरीसाठी बरेच उंबरे झिजवले आणि शेवटी जुन्या जालन्यात मगनशेठच्या कापडाच्या दुकानी लागलो.

ज्यांनी ते दुकान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत शिरलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी. मागं लोड-तक्के. गिऱ्हाइकानं चपला दारात काढायच्या, गादीवर मांडी घालून बसायचं, पाणी प्यायचं. समोर दुकानातली माणसं ठाणामागून ठाण उलगडणार, पातळांचा ढीग लागणार, भावावरून हुज्जत होणार, पुन्हा पाणी येणार. कुणी घाईत नसे. मी मात्र त्या गादीवर कधी बसलो नाही. माझं काम मागच्या गोदामात, गाठी फोडायच्या आणि मिलवाल्यांची इंग्रजी पत्रं लिहायची. एकदा मी विचारलं, तेव्हा शेठ दुखावल्यासारखे झाले. "माझं काही नाही रे विश्वनाथ," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक काय म्हणेल?"

शेठचे साडू मॉरिशसला घाऊक व्यापार करत. तिकडे मराठी घरं पुष्कळ आहेत, पिढ्यांमागे कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेली, तर त्यांच्या गावात किरकोळ कापडाचं दुकान टाकावं असं दोघांच्या मनात आलं. शेठच्या मुलानं परदेशी जायला साफ नकार दिला. दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा उभी राहिली होती त्या साली शेठनी मला पुढं बोलावलं.

"मराठी बोलणारा पाहिजे, इंग्रजीबी पाहिजे. तूच बराबर माणूस. जाणार का?"

"तिथं मी बसणार कुठं?" मी विचारलं.

शेठना कळेना. "कुठं म्हणजे? गादीवर. तिथं दुकानदार तूच."

"मंग जातो," मी म्हणालो.

ते गाव वाकोआ. बेटाच्या मधोमध, उंचावर. जालन्याच्या माणसाला ऊन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, पण तिथं मी पहिल्या महिन्यात स्वेटर घेतला. बारीक पाऊस, भोवती ऊस, पत्र्याची रंगीत घरं. माझ्या दुकानाच्या एका बाजूला चिनी वाण्याचं दुकान, किराण्याबरोबर कापडही विकणारं, आणि दुसऱ्या बाजूला पाव भाजणारा. मी जोमानं कामाला लागलो. लाकडी फळ्या टाकून ओटा केला, त्यावर गादी घातली, पांढरी चादर ताणून बसवली, तक्के लावले. दारात पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत: कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. नऊवारी लुगडी, धोतरजोड्या, फेट्याचं कापड जालन्याच्या पद्धतीनं रचलं. आणि मग मी गादीवर बसलो. तक्क्याला टेकलो. मायनं हे बघायला पाहिजे होतं, असं वाटलं.

गिऱ्हाईक आलं नाही.

म्हणजे लोक येत. दारापर्यंत येत, पाटी वाचत, आत डोकावत, माझ्याकडे बघत आणि निघून जात. मी आतूनच हाका मारी, "या, या! बसा! काय दाखवू?" त्यावर ते अधिकच जल्दी निघत. शेजारच्या चिन्याच्या दुकानात मात्र उभं राहायला जागा नसे. मला वाटलं, भाव जास्त असतील. भाव कमी केले. मग वाटलं, माल कमी दिसत असेल. आणखी ठाणं मांडली. गादी तेवढी रोज झटकून घेत होतो.

एक दिवस एक म्हातारी बाई दारात उभी राहिली. अंगात निळा फ्रॉक, डोक्यावर स्ट्रॉ हॅट, हातात छत्री, पायात बंद बूट. ती आत आली नाही आणि गेलीही नाही.

"बोंझूर," ती म्हणाली.

"या! काय दाखवू?" मी म्हणालो.

"बोंझूर," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. मी एक लुगडं पुढं सरकवलं. मग ती मराठीत बोलली. जुनी, कोकणातली, कुठं कुठं गळून गेलेली मराठी. "आधी बोंझूर बोलायचं. मग काय पाहिजे ते. तू बोंझूर बोलत नाय, तर माणसाला वाटतं, तू रागावलास."

"बोंझूर, आजी," मी म्हणालो.

"तांतिन लीला. इथे सगळी मला तांतिन बोलतात. मावशी." तिनं पाटीकडे छत्री रोखली. "चपला आम्ही देवळात काढतो, दादा. दुकानात नाय. आणि ती गादी. मी ह्या फ्रॉकात मांडी घालून बसू कशी? तू सांग."

टेंभुर्णीपासून अंबडपर्यंत फ्रॉकातली म्हातारी मी पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात मराठी बाई म्हणजे लुगडं, आणि लुगडं म्हणजे मांडी घालून बसता येणं. भाषा एक म्हणून माणूस तोच, असं धरून आम्ही समुद्रापलीकडे दुकान थाटलं होतं.

शेठना कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: गादी म्हणजे लक्ष्मी, ती हलवायची बिलकुल नाही, धीर धर. खरं सांगू, ते उत्तर वाचून मला बरंच वाटलं. ज्या गादीसाठी मी एवढा समुद्र ओलांडला ती उचलायची नाही, याला आता शेठचाच हुकूम होता. आठवडाभर मी त्या हुकमावर बसून राहिलो. समोरून माणसं जात होती, फ्रॉकातली, बुटांतली, हातात चिन्याकडचं कापड घेऊन.

मग एका सकाळी उठलो आणि गादी गुंडाळली. कुणाला विचारलं नाही. चादर काढली, गादीची वळकटी केली, ओट्याच्या फळ्या उखडल्या. हात चालत होते आणि डोळे भरून येत होते, दोन्ही बराबर. जालन्यात जिथं मला कुणी बसू दिलं नाही, ती जागा इथं मी माझ्या हातानं मोडत होतो. पण मोडणारा मीच होतो, हेही कळत होतं. सुतार बोलावून छातीएवढं लाकडी काउंटर करून घेतलं. पाटी काढली. दुसऱ्या दिवसापासून काउंटरमागं उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोंझूर म्हणू लागलो. पोस्टमनला, पाववाल्याला, नुसता पाऊस चुकवायला आत आलेल्यालाही.

लोक आत येऊ लागले. पण दुकानदारी लोक आत आल्यावर सुरू होते, आणि तिथंही मी चुकतच होतो. पांढरं कापड मी खालच्या फळीत दडपून ठेवलं होतं. आपल्याकडे ते कशाला लागतं, तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस एका ख्रिस्ती बाईनं तिच्या लहान मुलीसाठी पांढरं कापड मागितलं. मी चेहरा पाडला, हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, घरात काही वाईट झालं का? बाई बघतच राहिली, मग हसून हसून काउंटरला टेकली. मुलीचा चर्चमधला मोठा सण होता, आणि सणाला त्यांच्याकडे पांढरंच लागतं. त्या मोसमात माझी पांढऱ्या लेसची सगळी ठाणं संपली. ती बाई पुढं प्रत्येकाला ती गोष्ट सांगे, आणि ऐकणारा एकदा तरी माझं तोंड बघायला दुकानात येई.

नऊवारी लुगडी मात्र तशीच पडून होती. तांतिन म्हणायची, "आमच्या आज्या नेसत. आम्हाला येत नाय. देवळात सहावारी, बाकी फ्रॉक." मी ती परत जालन्याला पाठवायच्या बेतात होतो. तेवढ्यात कमल आली.

कमल माझी बायको. लग्न मी निघायच्या आधीच झालेलं, पण तिचे कागद व्हायला वेळ लागला. ती नऊवारीतच विमानातून उतरली, डोक्यावर पदर, हातात मिरच्यांची पिशवी. दुसऱ्याच दिवशी तांतिननं तिला दुकानात पाहिलं आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. "आयो!" ती म्हणाली. "हेच! हेच माझी आजी नेसत होती."

तांतिनच्या नातीचं लग्न ठरलं होतं. नवरीनं नऊवारी नेसावी असं म्हातारीच्या मनात आलं. मग काय, दुकानाच्या मागच्या खोलीत कमलची शाळाच भरली. नवरी, तिच्या मावश्या, शेजारणी. कमलला फ्रेंच येत नाही, क्रिओल म्हणजे तिथली बोली, तीही येत नाही, इंग्रजी येत नाही. ती कासोटा घालून दाखवी आणि म्हणे, "आसं. न्हाई, आसं." बायका खिदळत. शिकून झालं की प्रत्येक जणी एक लुगडं घेऊन जाई. एखादं लुगडं पुन्हा उलगडायचं असेल तर मी दारातून आत देत होतो.

एका दुपारी तांतिनचा थोरला दीर दुकानात आला. मानी माणूस, देवळाच्या पंचांतला. लुगड्यांचं कौतुक केलं, आमच्या गावाची चौकशी केली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही मराठी म्हणजे नक्की कोणते?"

खोलीतलं खिदळणं थांबलं. त्या देशात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही त्या न विचारण्याच्या सावलीत सुखात होतो. दुकान नुकतं उभं राहत होतं. हातात कात्री होती. बाचं बोलणं आठवलं, पण तोंड उघडायच्या आत आतून कमलचा आवाज आला.

"आमी बौद्ध," ती म्हणाली. "गावात आमची वस्ती येगळी हाय." आणि त्याच दमात नवरीला, "हात वर घे गं, निरी सुटून ऱ्हायली."

म्हाताऱ्यानं हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग हॅट घालून, काही न घेता निघून गेला. मी आत पाहिलं. तांतिन कमलच्या पायाशी बसून निऱ्या मोजायला शिकत होती.

"तो तसाच आहे," तांतिन म्हणाली. "जाऊ दे. तू मला हे पुन्हा दाखव."

दोन-चार घरं त्यानंतर खरंच यायची थांबली. खोटं कशाला सांगू? पण लग्नाच्या दिवशी नवरीला लुगडं कमलनंच नेसवलं, आणि जेवायला तिला तांतिननं आपल्या शेजारी बसवलं. गणपतीत आम्हालाही बोलावणं येई. आम्ही जात असू, आरतीला हात जोडत नसू, आणि लाडू मात्र पोटभर खात असू. त्यावरून कुणी बोललं नाही. सांगून झालं होतं, त्यामुळे लपवायचं काही उरलं नव्हतं. त्या दुपारनंतर माझ्या कात्रीचा काप सरळ जाऊ लागला, असं कमल म्हणते.

काही वर्षांनी मगनशेठ स्वतः दुकान बघायला आले. दारात सवयीनं चपला काढल्या आणि गर्दीत एकटेच अनवाणी उभे राहिले. गिऱ्हाइकं काउंटरला खेटून उभी, मी बोंझूर-मेर्सी करत कापड फाडतोय, कमल एकीकडे एका गोऱ्या बाईला पदर दाखवतेय. शेठ बराच वेळ इकडं तिकडं बघत राहिले.

"गादी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक काय म्हणेल, शेठ?" मी म्हणालो.

त्यांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग हळूच हसले. दुकानात माझी पाती, म्हणजे नफ्यात वाटा, ठेवायची गोष्ट त्यांनीच त्या संध्याकाळी काढली, आणि पुढं मी माझं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्या गाठी त्यांच्याकडूनच आल्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात आता कडवटपणा नाही. बसायची जागा त्यांनी दिली नव्हती, पण जायची दिली.

टेंभुर्णीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं कुणी कुवेतला, कुणी नैरोबीला जाऊन दुकान मांडून बसलेल्यांनो, घर कुठलं असं मला विचाराल तर मी अडखळत नाही. बोलताना माझ्या तोंडी "मंग" आणि "कोरेक" एकाच वाक्यात येतात, आणि कोरेक म्हणजे बराबर. आमची मुलगी माझं क्रिओल दुरुस्त करते, मी तिचं मराठी. वाकोआचा पाऊस मला आता पाऊस वाटतो. ज्या ठिकाणी मी कोण ते खरं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, ते माझं घर. आणि ज्यांनी मला ते खरं सांगायला शिकवलं ते जिथं राहतात, तेही.

नव्या दुकानाच्या पाटीवर मी आपल्या टेंभुर्णीचंच नाव घातलं. तिकडच्या लोकांना ते फ्रेंच वाटतं. ते शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात, आणि कमलला तर सगळं गाव मादाम टेंभुर्णी म्हणूनच ओळखतं. पहिल्यांदा सुटीवर घरी आलो तेव्हा मायला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आख्ख्या गावाचं नाव? आपल्या कमलला?"

"हो, माय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग तोंडाला पदर लावून हसली.

"मंग गाव आपलंच झालं की रं," ती म्हणाली.