रंकाळ्यावरचा बर्फ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. टेबलावर आभाळाचा लाकडी ठसा आहे, त्याला निळा रंग नुकताच लावलाय, आणि माझी मान हळूहळू त्याच्याकडे निघालीय. मी अडवत नाही. मान सज्ञान आहे.

"फ्रिजमधला रंकाळा कधी काढतोस?" आई आतून विचारते. "मला दही ठेवायचंय."

फ्रिजमध्ये खरंच रंकाळा आहे. माझा दिगूमामा गेला तो कोरलेले ठसे आणि एकच जपानी कागद मागे ठेवून. गेल्या शतकाच्या मध्यावर जपानात लाकडी ठशांवरून हातानं छापलेल्या निसर्गचित्रांचं त्याला वेड. देवळं, पूल, तळी आणि सगळ्यावर बर्फ. म्हणून त्यानं लाकडात कोल्हापूरचा रंकाळा तलाव कोरला आणि त्यावर बर्फ पाडला. गल्ली अजून हसते.

प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. बाकीचे मी त्या कागदावर छापलेत, उरलंय आभाळ. ते वर गडद हवं आणि खाली येता येता विरून जायला हवं. रद्दीवर छापून बघतो तर झेब्रा निघतो. चुकलो तर कागद गेला, आणि मामाचा रंकाळाही. छपाई होईतो कागद ओला ठेवायचा असतो, म्हणून तो ओल्या फडक्यात, कोथिंबिरीखाली आहे. आज छापला नाही तर बुरशी धरेल.

गाल लाकडाला टेकतो. लाकूड गार आहे. बर्फासारखं.

मामा शेजारी बसलेला आहे. टेबल म्हणजे रंकाळ्याचा कठडा आहे. पाण्यातल्या संध्यामठावर बर्फ साचलाय, भेळेवरही साचतोय, आणि गिऱ्हाइकांची काही तक्रार नाही.

"मामा, तुम्ही वारलात ना?"

"व्हय की. पर आभाळ अडलंय म्हणून कळलं."

एक माणूस छत्री घेऊन पाठमोरा चाललाय.

"हा कोण?"

"त्या चित्रांतला. लई चित्रांत असतोय. कुठं चाललाय, कुणी इचारत न्हाई."

मी विचारतो. "घरी," तो म्हणतो, अस्सल कोल्हापुरीत. "पर पूल संपंना झालाय." मग मामाकडे वळून, "एवढा बर्फ कुठनं आणलासा?"

मामाची छाती फुगते. "आणला न्हाई, सोडलाय. तेवढा कागद कोरा ठेवायचा. झाला बर्फ."

छत्रीवाला मान लववतो. जपानातून आलेला माणूस कोल्हापुरात मान लववतो आणि मामा ते माझ्याकडे बघत स्वीकारतो, म्हणजे मी बघितलं की नाही ते बघत.

कठडा आता आमचं स्वयंपाकघर आहे. फ्रिजच्या दारातून वारा येतोय.

"मामा, आभाळाला पट्टे पडतात."

"रंग वाढवत बसतोस म्हणून. आधी ठसा ओला कर. ब्रशाच्या एका टोकाला रंग, दुसऱ्याला नुसतं पाणी. आभाळ पाण्यानं हुतंय, मर्दा."

"आणि बिघडलं तर?"

"कोल्हापुरात बर्फ पाडला कुणी?"

"तुम्ही."

"आणि छापला?"

"मी," मी पुटपुटतो.

"हळू बोलू नगंस, गल्लीला ऐकू जाऊ दे."

"मी छापला!"

संध्यामठावरचा बर्फ धप्पकन खाली येतो. मामा अंगठ्यानं माझा गाल दाबतो. चांगली प्रत निघाली की तो असाच दाबायचा.

"आरं, तोंडाला काय लावलंयस?" आई समोर उभी आहे, हातात दह्याचं भांडं.

मी मोबाइलमध्ये बघतो. गालावर आभाळ छापलं गेलंय. कानशिलापाशी गडद निळं, हनुवटीपर्यंत विरत गेलेलं, एकही पट्टा नाही. ठसा ओला कशानं झाला ते विचारू नका, मी तोंड उघडं टाकून झोपतो.

मधोमध मात्र एक जागा कोरी आहे. अंगठ्याएवढी. मी माझा अंगठा लावून बघतो. जागा मोठी आहे.

"धू आधी ते."

"राहू दे," मी म्हणतो. फ्रिज उघडतो, कोथिंबीर बाजूला करतो आणि दोन्ही हातांनी रंकाळा बाहेर काढतो.

"ठेव दही."